तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्चीचे ऑप्शन कोणते घेऊ?

मेसेज साधारण असा असतो: "तू ती एरॉन घेतलीयेस ना, मीपण घेतोय, कोणते ऑप्शन घेऊ पटकन सांग." पटकन! एरॉन म्हणजे हर्मन मिलर कंपनीची जाळीची ऑफिस खुर्ची, लाखाच्या पुढची वस्तू, आणि पटकन. मग मी फोन करून अर्धा तास बोलते, समोरचा हं हं करतो आणि शेवटी विचारतो, "ते ठीक आहे गं, पण कलर कुठला चांगला दिसेल?" त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्याला हेच पाठवणार.

दुसरा प्रश्न असतो "एवढे पैसे खुर्चीत?" त्याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. तुमची गाडी दिवसातले बावीस तास पार्किंगमध्ये उभी असते, मी कधी काही बोलले? मी सबटायटलिंग करते, दिवसभर कानात हेडफोन आणि हात कीबोर्डवर, माझं ऑफिस म्हणजे ती खुर्चीच.

तर साइझ. बाकी सगळे ऑप्शन एकीकडे आणि साइझ एकीकडे. एरॉन ए, बी, सी अशा तीन मापांत येते आणि तिची सीट पुढेमागे सरकत नाही. स्टीलकेस या दुसऱ्या कंपनीच्या लीपमध्ये, जेश्चरमध्ये सीट सरकवता येते, हर्मन मिलरच्याच एम्बॉडीमध्येही सीटची खोली कमीजास्त होते, म्हणजे तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी सावरून घेता येतं. इथे जे माप आलं ते आलं. पाठ नीट टेकून बसायचं आणि सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांच्यामध्ये दोनतीन बोटं जातात का बघायचं, बस. ए आणि बी यांच्या सीटच्या खोलीत फरक जेमतेम इंचाचा, पण माझी उंची पाच फुटाला थोडी कमी, मला तो इंच मांडीखाली कळतो.

मी ऑर्डर एचीच दिली होती. शोरूममध्ये डेमोला फक्त बी होती, तीत मी बसून बघितलं, नाही जमत म्हटलं, ए हवी असं लिहून दिलं, इन्व्हॉइसवरही ए छापून आलं. खुर्ची घरी आली, दोन माणसांनी खोक्यातून काढली, फोटो काढला, गेले. मी बसले आणि काहीतरी टोचायला लागलं. खाली केली तर सीट अजून उंचच, वर केली तर पाय हवेत. पाठ टेकली तर गुडघ्यामागे कड लागते, पुढे सरकून बसलं तर पाठीला आधारच नाही, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच नाही. घरात सगळे म्हणाले नवीन आहे, सवय होईल. मलाही तेच वाटलं, कारण मला सवय आहे सवय करून घ्यायची. ओटा उंच, बसमधली कडी उंच, थिएटरमधल्या सीटवर पाय अधांतरी, आयुष्यभर हेच, तर खुर्चीने तरी वेगळं का वागावं. सासूबाई एकदा चहा द्यायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "अगं, शाळेच्या बाकावर बसवल्यासारखे पाय लोंबकळतायत तुझे." त्या सहज बोलल्या. त्या गेल्यावर मला रडू आलं. खुर्चीवरून. लिहितानाही कसंतरी वाटतंय, पण विचारताय तर सांगते.

मग कधीतरी कळलं की पाठीच्या वरच्या कडेला मागून बोट फिरवलं की बारीक उंचवटे लागतात, एक असेल तर ए, दोन असतील तर बी, तीन असतील तर सी. रात्री उठून बोट फिरवलं. दोन. दिवा लावून बघितलं. दोनच.

डीलरला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, बी स्टँडर्ड आहे, सगळ्यांना बसते." मी म्हटलं मला नाही बसत, म्हणून तर ए लिहून दिलं होतं. "तुम्ही फुटरेस्ट घ्या, आम्ही फ्री देतो." मग कस्टम ऑर्डर रिटर्न होत नाही हे. मग एक जण चेक करायला आला, चांगला सहा फूट उंच, खुर्चीत बसला, मागे रेलला, दोन्ही हात आर्मरेस्टवर ठेवून म्हणाला, "परफेक्ट आहे की!" मी त्याचं बोट धरून त्या दोन उंचवट्यांवर ठेवायचीच बाकी होते. तोंडी सांगितलं तर म्हणे ते मोल्डिंगचे असतील. मी इन्व्हॉइस आणि उंचवट्यांचा फोटो शेजारी शेजारी लावून वरपर्यंत मेल केली, रोज एक फोन केला, आवाज चढवायचा नाही असं ठरवून केला, शेवटी बदलून मिळाली. यात मी जिंकले वगैरे काही वाटलं नाही, नुसती दमले. ज्यांनी ही खुर्ची डिझाइन केली त्या बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी १९९४ मध्येच ती तीन मापांत काढली होती, कारण एकच माप सगळ्यांना बसत नाही, आणि तीस वर्षांनंतर मला माझ्याच घरात हे सिद्ध करावं लागत होतं.

बाकीचं भराभर सांगते. चाकं: आपल्याकडे फरशी किंवा टाइल्स, म्हणून हार्ड फ्लोअरची चाकं मागा, फक्त कार्पेटवाली येऊ देऊ नका. कमरेच्या आधाराचा पोश्चरफिट एसएल घ्या, त्यात काटकसर नको. सेकंडहँड घेणार असाल तर २०१६ च्या आधीचं मॉडेल वेगळं आहे हे बघून घ्या, आणि १२ वर्षांच्या वॉरंटीतलं तुमच्या वाट्याला काय येणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. हेडरेस्ट: ही खुर्ची मुळात हेडरेस्टशिवायच डिझाइन झालीय, बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात, डुलकी काढायची असेल तर पलंग स्वस्त पडतो.

फॉरवर्ड टिल्टवर मात्र माझंच माझ्याशी भांडण आहे. सीट किंचित पुढे झुकते, टाइप करताना कंबर वाकत नाही. पूर्वी मी सगळ्यांना ठासून सांगायचे की हा नुसता पैसे काढायचा ऑप्शन आहे, दोनतीन जणांनी माझ्या सांगण्यावरून घेतला नाही. आता मी स्वतः सकाळी तो लावून बसते. पण दुपारनंतर घसरल्यासारखं वाटतं आणि काढून टाकते, त्यामुळे ती जुनी मी अगदीच खोटं बोलत होते असंही नाही. घ्यायचा का? माहीत नाही. शोरूममध्ये पाच मिनिटांत कळत नाही एवढं नक्की.

आर्मरेस्टचंही तसंच. पूर्ण अ‍ॅडजस्टेबल घेतले की आत-बाहेर वळतात, मागेपुढे सरकतात, छान वाटतं, पण आपल्या सुताराने केलेल्या टेबलाला खाली ड्रॉवर असतो, खुर्चीचे हात त्याला आपटतात आणि खुर्ची आत जात नाही. टेबल जवळजवळ सगळ्यांचं तीस इंच उंच. बुटक्या माणसाला ते उंचच, मग खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली काहीतरी. हो, ए मिळूनही माझ्या पायाखाली पाट आहे, देवघरातला जुना. डीलरचा फुटरेस्ट मी घेतला नाही, तत्त्व म्हणून. खरं तर टेबल कापून घ्यायला हवं, पण नवऱ्याला तेच टेबल लागतं.

आणि मांडी. हे मला कुणी विचारत नाही आणि सगळ्यात आधी हेच विचारायला हवं. जाळीभोवती कडक प्लॅस्टिकची कड आहे, मांडी घालून बसलात की घोट्यात रुतते. मी जन्मभर मांडी घालून काम केलं, तेच बरं असंही म्हणायचे. आता पाय खाली सोडून बसते, आणि संध्याकाळी जेवताना जमिनीवर मांडी घातली की जे बरं वाटतं ते लाखाच्या खुर्चीत वाटत नाही, हे कबूल. तरी ती परत करणार नाही. मांडी सुटत नसेल तर फोमच्या रुंद सीटची घ्या, मेमध्ये गरम होईल, पंखा लावा.

तर फोन करायच्या आधी उंची, टेबलाची उंची, खाली ड्रॉवर आहे का आणि मांडी घालता का, एवढं लिहून पाठवा. कलर मी सांगणार नाही.