कोलेस्टेरॉल आणि फळं: बारा आठवड्यांचा माझा अनुभव

एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ (मिग्रॅ/डेसिलिटर) आला. डॉक्टरांनी १२ आठवडे दिले: आधी खाणं बदला, कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नंतर बघू. त्यातला फळांपुरता हिशेब इथे मांडतोय.

फळं मोजू नका, पाण्यात विरघळणारे तंतू (फायबर) मोजा. ते रोज ५ ते १० ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी उतरतो. १४८ मधले सात-आठ, बस. त्यामुळे डॉक्टरांनी आधीच गोळी दिली असेल तर फळांच्या भरवशावर ती बंद करू नये.

हे तंतू, मुख्यतः पेक्टिन, आतड्यात बुळबुळीत जेलीसारखे होतात आणि पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती आम्लं) अडकवून शौचावाटे बाहेर नेतात. मग यकृताला नवीन पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

मध्यम सफरचंदात सालीसकट एकूण तंतू ४ ग्रॅम, पण विरघळणारे जेमतेम १. संत्र्यात एकूण ३, तरी विरघळणारे दीडच्या पुढे. म्हणजे दिवसाला दोन संत्री आणि एक सफरचंद खाल्लं तरी ४ ग्रॅमच्या आसपासच. उरलेलं ४० ग्रॅम ओट्स आणि अर्धी वाटी शिजवलेल्या राजम्यातून भरून काढलं. नुसत्या फळांवर १० ग्रॅम गाठायला गेलो असतो तर साखरच जास्त झाली असती.

संत्रं सोलताना फोडीवरचे पांढरे धागे निगुतीने काढून टाकायची सवय होती. पेक्टिन नेमकं त्या पांढऱ्या भागात भरपूर असतं! आता साल काढायची, धागे तसेच ठेवायचे आणि फोड पातळ आवरणासकट चावून खायची. किंचित कडवट लागतं, चालतं. रस तर नकोच. पेलाभर रसाला तीन संत्री लागतात. साखर तिन्हींची येते आणि तंतू गाळणीत चोथा होऊन राहतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले असतील तर हा सौदा आणखी महागात पडतो.

पहिल्याच आठवड्यात तिन्ही फळं, ओट्स आणि राजमा एकदम सुरू केलं आणि पोट फुगलं. मागे येऊन दिवसाला एकच फळ, मग दर चार-पाच दिवसांनी एक भर, आणि पाणी जास्त, असं केल्यावर जमलं.

दुसरी चूक म्हणजे फळं जेवणावर जादा खात होतो. तीन फळं म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. ती बिस्किटांच्या जागी आली तेव्हा कुठे अर्थ लागला, कारण बिस्किटांबरोबर त्यातलं संपृक्त स्निग्धही (एलडीएल वाढवणारी सॅच्युरेटेड चरबी) गेलं.

ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र सिम्व्हास्टॅटिन किंवा अॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. ही फळं आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम रोखतात, त्यामुळे औषध रक्तात जास्त उतरतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. सकाळी फळ, रात्री गोळी, असं अंतर ठेवूनही भागत नाही. परिणाम दिवसभर टिकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे फळांचं प्रमाणही विचारूनच ठरवावं.

पुन्हा तपासणी त्याच लॅबमध्ये, १२ तास उपाशी राहून केली. एलडीएल १३३. यातले फळांचे किती आणि सुटलेल्या बिस्किटांचे किती, हे रिपोर्टवरून कळत नाही. गोळीचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत लांबवला आहे.