राजसभेची प्रतिकृती : अखेर खांब उभे राहिले

मंडळी, रायगडाच्या राजसभेची प्रतिकृती 1:200 प्रमाणात करतोय. सभेची लांबी साधारण 220 फूट, रुंदी 124 फूट. म्हणजे माझ्या फळीवर साडेतेहतीस सेंटिमीटर बाय एकोणीस. नगारखाना आणि जोतं बसलं, सिंहासनाचा चौथराही पूर्वाभिमुख लावून झाला, आणि तिथेच तीन आठवडे काम अडकलं.

अडकलं ते भिंतींमुळे. मी काळ्या दगडाच्या भिंती थेट छपरापर्यंत चढवल्या होत्या. दिसायला भारदस्त, पण मनाला पटेना. गडावर आपण फिरतो ते महालांच्या जोत्यांमधून. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे पेटले आणि 10 मेला गड पडला. वरचं लाकूडकाम त्या आगीत गेलं, दगडी जोती मागे उरली. हिरोजी इंदुलकरांनी उभारलेल्या या राजधानीत मी लाकडाला जागाच ठेवली नव्हती! सगळ्या भिंती उतरवल्या.

मग शनिवारवाड्यावर गेलो. त्याचीही गत तीच: 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी, 27 फेब्रुवारी 1828 ला आग, आणि आत आता नुसती जोती. पण दिल्ली दरवाजावरचा नगारखाना वाचलाय, आणि तिथले लाकडी खांब, महिरपी जवळून बघता येतात. अर्धा तास मी एका खांबाच्या पायाशी बसून होतो. खांब फरशीवर टेकत नाही, दगडी तळखड्यावर बसतो. ओल लाकडात चढू नये म्हणून ही सोय. पावसाळ्यात ढगात बुडणाऱ्या रायगडावर तर तळखड्याशिवाय खांब टिकलाच नसता, असं माझं ठाम मत झालंय.

घरी येऊन सागाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या काड्या कापल्या. प्रत्यक्षात हा खांब फूटभर जाड होतो. प्रत्येकीखाली पुठ्ठ्याचा चौकोनी तळखडा चिकटवला, करडा रंग दिला, खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, मोजून ओळी लावल्या. सुरूच्या झाडाच्या आकाराचे नक्षीदार खांब करायचा मोह झाला होता, पण ती पेशवाईतली घडण. राज्याभिषेक 1674 चा. म्हणून चौकोनी, साधे खांबच ठेवले, आणि तेच शोभतायत.

छपरासाठी आणलेला कौलांचा तयार पत्राही परत केला. त्यावर मंगलोरी कौलांचा छाप होता, आणि त्या कौलांचा पहिला कारखानाच मुळी 1865 मध्ये निघाला. आता कागदाच्या बारीक नळ्या उभ्या चिरून हातानेच कौलं करतोय. एका संध्याकाळी जेमतेम चार ओळी होतात. ज्यांनी वाड्यांच्या प्रतिकृती केल्यात त्यांनी कोन्यावरची कौलं कशी वळवली, ते जरूर सांगा. माझी तिथे उचकटतायत.

काल रात्री खांबांच्या रांगेमागे छोटा दिवा धरला आणि नगारखान्याच्या कमानीतून डोळा लावून सिंहासनाकडे पाहिलं. खांबांच्या सावल्या चौथऱ्यापर्यंत पोचत होत्या. बराच वेळ तसाच बघत राहिलो.

छप्पर झालं की बाजारपेठ घेणार. दोन्ही बाजूंना बावीस-बावीस दुकानांची जोती आहेत, त्यासाठी दगडी रंगाचा पुठ्ठा कापायला घेतलाय.