तीच नळी, तोच जोड

शंभर तासांची तपासणी म्हणजे काउलिंग, इंजिनावरचं झाकण, उघडायचं, ऑइल काढायचं, फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघायचं. बाकी टॉर्च, आरसा आणि धीर. परवा आमच्या फ्लाइंग स्कूलच्या दोन आसनी विमानाच्या इंजिन माउंटवर, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यावर, वेल्डच्या कडेला, केसाएवढी रेघ दिसली. रंगाचा ओरखडा समजून मी पुढे सरकले. मन मानेना, परत आले. रंग खरवडला, डाय-पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा लाल रंग, मारलं, थांबले, पुसलं, वर तो रंग शोषून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. क्रॅक!

गेल्या वर्षीही तीच नळी, तोच जोड. तेव्हा माउंट बाहेरून दुरुस्त करून आणलं आणि बसवलं.

ऑफिसातून निरोप आला, "पुन्हा तेच करा, मुलांचे तास अडलेत." विमान उभं राहिलं की पैसे बुडतात हे सगळ्यांना कळतं. ते का उभं राहिलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला १९०३ मधलं किटी हॉक आठवलं, राइट बंधू जिथे उडाले ते ठिकाण. त्यांचे प्रोपेलर फिरवणारे पोकळ नळीचे शाफ्ट पहिल्याच चाचणीत खराब झाले. त्यांच्या गावाहून, डेटनहून, त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलरने ते दुरुस्त करून पाठवले. याच माणसाने त्यांचं इंजिन सहा आठवड्यांत बनवलं होतं. मग शाफ्टवरची चेनची चक्रं सैल व्हायला लागली, तर या सायकलवाल्यांनी टायरचं सिमेंट वितळवून आट्यांत भरलं आणि ती पक्की बसवली. २८ नोव्हेंबरला एका शाफ्टला पुन्हा तडा. थंडी वाढत होती, तिकडे प्रतिस्पर्धी लँग्लींचं उडणारं यंत्रही दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीत होतं. तरी ऑर्व्हिल सरळ डेटनला गेला. आणखी जाड नळी त्याने आणली नाही. इंजिन मध्येच चुकलं की बसणारा झटका पोकळ नळीला झेपत नाही, तिच्यात पुरेशी लवचीकता नाही, हे दोघांनी ओळखलं होतं. त्याने आणले भरीव पोलादाचे, पण आधीपेक्षा बारीक शाफ्ट. ११ डिसेंबरला तो परतला आणि १७ तारखेला ते उडाले: पहिल्यांदा १२ सेकंद, चौथ्यांदा ५९. बारीक केल्याने टिकाऊ होतं, हे सुचायला किती विचार लागला असेल!

मग मीही झटका कुठून येतो ते शोधलं. स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मधली टोपी, काउलिंगच्या कडेपेक्षा चार-पाच मिलिमीटर खाली बसला होता. म्हणजे इंजिन लोंबलंय. इंजिन आणि माउंट यांच्यामधली, थरथर शोषणारी शॉक माउंटची रबरं काढली तर दगडासारखी कडक, वरची चपटी. सगळी थरथर थेट नळीवर जात होती. आता माउंट आणि चारही रबरं नवीन मागवली आहेत. तोवर विमान उभं.

शिकाऊ मुलाने लॉगबुक चाळत विचारलं, "मॅडम, गेल्या वर्षी रबरं बघितली होती का?"

त्या नोंदीत रबरांचा उल्लेख नाही. खाली सही माझी आहे.