कोड म्हणजे निदान नव्हे!

मागच्या महिन्यात गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं होतं आणि नेमका तेव्हाच चेक इंजिनचा दिवा लागला. इथे कॅलिफोर्नियात तो दिवा चालू असला की रजिस्ट्रेशनसाठी लागणारी स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, फेल. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमधे नळी घालतच नाहीत, डॅशबोर्डखाली केबल लावून गाडीचा कॉम्प्युटर काय म्हणतो ते बघतात.

गॅरेजमधे गेलो. त्याने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०१४१, आणि पाच मिनिटांत हातात कागद: धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जुना झालाय, तोही बदला, १,९०० डॉलर. डायग्नोसिसचे १४० वेगळे. माझं डोकंच फिरलं. त्या कोडचा अर्थ एवढाच की मागच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमधे गडबड आहे. सेन्सर साधारण ३०० डिग्री सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही म्हणून आत छोटा हीटर असतो. आता तो हीटर जळलाय, की वायर तुटलीय, की फ्यूज गेलाय, हे तपासायचं कुणी? काही जण म्हणतील इथे मजुरी महाग, तासभर तपासत बसणं त्याला परवडत नाही. मान्य, पण मग १४० कसले घेतले?

मिरजेत आमचे मेकॅनिक चाचा आधी टेस्ट लॅम्प घेऊन वायरिंगला लागतात, पार्टचं नाव नंतर. अमेरिकेत सगळं सिस्टिमॅटिक म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

पण खरं सांगायचं तर शेवटी मदत केली ती इथल्याच माणसाने. शेजारचे मेक्सिकन आजोबा, रिटायर्ड, शनिवारी सकाळी स्वतःहून मल्टिमीटर घेऊन आले. आधी फ्यूज बघितला, ठीक. मग गाडीखाली शिरून कनेक्टर काढला, इंजिन चालू करून गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज बघितलं, बाराच्या वर, म्हणजे वायरिंग ठीक. मग सेन्सरच्या दोन सारख्या रंगाच्या तारांवर प्रोब लावले, त्या हीटरच्या. थोडेच ओहम यायला हवेत, मीटर ओएल दाखवत होता, म्हणजे करंट जायला रस्ताच नाही. आतली तार तुटलेली, संपला विषय! सेन्सर ७२ डॉलरला आला, जुना गंजून बसलेला म्हणून रात्रभर तेल मारून ठेवलं आणि सकाळी खाच असलेला २२ चा सॉकेट लावून काढला. आजोबांनी पैसे घेतले नाहीत, बायकोने पुरणपोळ्या पाठवल्या त्या मात्र घेतल्या.

कोड पुसला की लगेच टेस्टला जाता येत नाही, कॉम्प्युटरने आपल्या जवळजवळ सगळ्या तपासण्या परत पूर्ण करायला लागतात. चार-पाच दिवस ऑफिसला ६८० हायवेने गेलो आलो, मग टेस्ट दिली, पास.

जुन्या सेन्सरचा फोटो बाबांना पाठवला, ते तो दाखवायला चाचांकडे गेले. चाचांनी तिथूनच फोन लावला, म्हणाले, "फ्यूज आधी बघितलास ना रे?"