इंग्लंडमधलं स्वस्त गाव खरंच कितीला पडतं

बडोद्यातून कुणी नोकरीला इंग्लंडला निघालं की घरात आधी लंडनच्या भाड्याची चर्चा होते. मग कुणीतरी सुचवतं, लहान गाव बघा. सल्ला चांगला आहे. न्यूअर्क, ग्रँथम, वर्कसॉप, मेल्टन मॉब्रे ही मध्य इंग्लंडातली जुनी बाजारपेठेची गावं. चौकात आजही बाजार भरतो आणि लंडनच्या मानानं भाडं बरंच कमी. मात्र जाहिरातीतल्या भाड्यात कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा घरावरचा कर), हीटिंग आणि प्रवास मिळवल्याशिवाय दोन गावांची तुलना करू नये.

सुरुवात रेल्वेपासून करावी. नकाशावर स्टेशन दिसलं म्हणजे गाडी आहेच असं नाही. लिंकनशायरमधल्या ब्रिगला कित्येक वर्षं प्रवासी गाडी फक्त शनिवारी येत असे. न्यूअर्कला दोन स्टेशनं आहेत: लंडनची गाडी नॉर्थगेटहून, नॉटिंगहॅम आणि लिंकनची कॅसलहून. घर कुठल्या स्टेशनजवळ हवं, हे कामाच्या जागेवरून ठरवा. वेळापत्रक पाहताना रविवार निवडून बघा, आणि बसची शेवटची फेरीही. बऱ्याच मार्गांवर ती संध्याकाळीच निघून जाते, म्हणजे दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांची पंचाईत. अशा वेळी स्वतःची मोटार लागतेच. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिनेच चालवता येतं; ते बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्यातच प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज करावा. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर पुढे गिअरची गाडी चालवता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्या.

बडोदेकरांना माझ्या मते मेल्टन सोयीचं. तिथून लेस्टरला थेट गाडी आहे, आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांगच आहे. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरचाच न्या. साजूक तूप आणि पेढे बॅगेत भरू नका. दुधाचे पदार्थ भारतातून नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

आता पैसे. महिना ७५० पौंड भाडं धरलं तर वर्षाचे ९,००० होतात, म्हणजे आठवड्याला साधारण १७३. घर राखून ठेवण्यासाठी एजंट जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेऊ शकतो आणि डिपॉझिट पाच आठवड्यांचं, म्हणजे सुमारे ८६५ पौंड. हे डिपॉझिट मालकानं ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायचं असतं; त्याचा कागद मागून घ्या. कागदपत्रं, चौकशी अशा नावाखाली वेगळी फी मागणं जून २०१९ पासून बेकायदा आहे. बरेच एजंट वार्षिक पगार मासिक भाड्याच्या ३० पट आहे का ते बघतात. ७५० च्या घराला २२,५०० पौंड. नव्यानं आलेल्याची तिथे पतनोंद (क्रेडिट हिस्टरी) नसते. पूर्वी त्यावर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देण्याचा तोडगा चाले. १ मे २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनी तो बंद केला. त्यामुळे तिथे स्थायिक असलेला जामीनदार लागू शकतो. लेस्टरला किंवा वेंब्लीला मामा-काका असतील तर त्यांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

कौन्सिल टॅक्स भाडेकरू भरतो. घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ए ते एच असे गट पाडलेले आहेत. ए गटाला डी गटाच्या दोन-तृतीयांश कर. घरात एकटंच प्रौढ माणूस असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

सगळ्यात जास्त फसगत हीटिंगमध्ये होते. स्वस्त घर म्हणजे बहुधा रांगेतलं जुनं विटांचं घर, एकसंध भिंतींचं. भिंतीच्या दोन थरांमध्ये पोकळी नसल्यामुळे ऊब टिकत नाही. ऊर्जेच्या दाखल्यावर (घराला ऊर्जा किती लागते ते सांगणारा, ए सगळ्यात चांगला) सी दर्जा असलेलं घर महिना ३० पौंड महाग असलं तरी ई वाल्यापेक्षा तेच घ्यावं. दुकानांवरच्या फ्लॅटमध्ये अनेकदा गॅस नसतो, स्टोरेज हीटर असतात. ते रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसा ऊब सोडतात. मीटरला रात्रीचा वेगळा दर नसेल तर बिल बघून डोळे पांढरे होतात. गावाबाहेरच्या घरांत हीटिंगच्या तेलाची टाकी असते आणि तेल एका वेळी निदान ५०० लिटर घ्यावं लागतं.

शिवाय भिंतीवरची काळी बुरशी. आपला स्वयंपाक, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, ही सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. घर बघताना चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, ते विचारा. दुसरा प्रकार वाफेला काहीच करत नाही. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघराचं दार लावा (नाहीतर स्मोक अलार्म सगळ्या आळीला कळवेल). आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जात असेल तर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) घ्या. हीटिंग पूर्ण बंद करून पैसे वाचवायला गेलं की भिंती आणखी गार होतात आणि बुरशी वाढते.

चावी मिळताच मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा आणि वीज कंपनीला नवा भाडेकरू म्हणून कळवा. प्रीपेड मीटर असेल तर हे त्याच दिवशी करा, नाहीतर आधीच्या माणसाची थकबाकी तुमच्या रिचार्जमधून कापली जाते. नंतर जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य मात्र लहान गावांत सहज मिळत नाही. दात किडलेला असेल तर बडोद्यातच भरून घ्या, रूट कॅनल तर नक्कीच.