पोटखराब

सातबाऱ्यावर त्या जागेपुढे 'पोटखराब' असं लिहिलेलं होतं. म्हणजे लागवडीला न येणारी, सारा नसलेली जमीन. रत्नागिरी जिल्ह्यातला तो एक सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली बॉक्साइट. खाणीला पर्यावरण मंजुरी हवी असेल तर जो जाडजूड अहवाल करावा लागतो, त्यातलं जीवविविधतेचं प्रकरण माझ्याकडे होतं. लीजची, म्हणजे खाणपट्ट्याची, हद्द म्हणजे कोअर झोन, तिच्याभोवती दहा किलोमीटरचा बफर झोन. दोन्हीकडे फिरायचं, याद्या करायच्या, धोक्यातलं काही राहतं का ते सांगायचं.

आम्ही गेलो मार्चमध्ये. आधाररेषेची, म्हणजे खाणीआधीच्या स्थितीची, माहिती एका हंगामाची चालते आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरायचा, अशी पद्धत आहे. हवेतली धूळ मोजायची तर हे बरोबरच आहे, पावसात धूळ बसते आणि आकडे फसवे येतात. पण धुळीसाठी केलेला नियम बेडकांना, पालींना आणि कंदांनाही लावतात.

मार्चमधला सडा कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. काळाठिक्कर कातळ, करपलेलं गवत, बुटाच्या तळव्यातून पोचणारी धग. चार दिवसांत यादी झाली ती टिटवी, चंडोल, सातभाई, दोन-तीन जातींचे सरडे, कोल्ह्याची विष्ठा आणि दगडाखालचे विंचू. ड्रायव्हर गाडीच्या सावलीतून हलला नाही. "मॅडम, इथं बघायचं काय?" त्याचं म्हणणं ऑफिसला मान्य होतं. मी परतायच्या आधीच मसुद्यात 'पडीक, खडकाळ, विरळ झुडपे' हे वाक्य बसलेलं होतं. अशी वाक्यं एका अहवालातून दुसऱ्यात उतरत जातात. एका जुन्या यादीत तर झारखंडच्या जंगलातला साल वृक्ष आमच्या कोकणात उगवलेला मी स्वतः पाहिलाय.

शेवटच्या दिवशी गुरं घेऊन आलेले तात्या भेटले. माझी वही, दुर्बीण, दोरीची चौकट सगळं त्यांनी न्याहाळलं. "काय मोजताय?"

"इथं काय काय राहतं ते."

"मग आता कशाला आलात? पावसात या की."

ऑफिसला मी ईमेल केला, जूनमध्ये एकदा जायला हवं म्हणून. उत्तर आलं, हंगाम पूर्ण झाला आहे. मग किरकोळ रजा टाकली, एका विद्यार्थ्याला सोबत घेतलं आणि पाऊस धरल्यावर बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता तात्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

वर पोचलो तेव्हा धुकं होतं. ते विरलं आणि विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, जागा चुकली का आपली?" कातळावर जागोजाग टाचभर पाणी साचलेलं, त्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती. भेगाभेगांतून हिरवं वर आलेलं. आणि गवताच्या पात्यांमधून डोकावणारी पांढरीशुभ्र फुलं. दीपकाडी! कोकणातल्या सड्यांवरची, जगात फार थोड्या ठिकाणी उरलेली. मार्चमध्ये हिचं पानसुद्धा नसतं. ओंजळभर मातीत कांदा झोपून असतो आणि वरून चालणाऱ्याला काही कळत नाही. मी तीन महिन्यांपूर्वी इथूनच चालत गेले होते, माझ्या वहीत या पट्ट्यापुढे 'निरंक' लिहिलेलं होतं. नियम वाईट असतील, पण तो शब्द माझ्या हातचा होता.

दोरीची चौकट टाकून दीपकाडी मोजून झाल्यावर दगड. सड्यावर सुटे दगड उलटायची एक रीत आहे. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे तिरपा करायचा, म्हणजे खाली फुरसं निघालं तर त्याच्या आणि आपल्यामध्ये दगड राहतो. रत्नागिरीत ही काळजी घ्यावीच लागते. बघून झालं की दगड त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवायचा. नवशिके उलटतात आणि पुढे जातात. एकदा दगडाखालची ओल उडाली की ते घर संपलं.

एकेचाळिसाव्या दगडाखाली ती होती. बोटभर लांब, तपकिरी अंगावर आडवे पांढुरके पट्टे, जाडसर शेपूट. भिंतीवरची पाल नव्हे, ही जमिनीवरची. १९६३ मध्ये या जातीचं वर्णन झालं ते याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांबाहेर ती जवळजवळ नाहीच, आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेली आहे. ती हलली नाही. मी दगड धरून बसले, मनगटाला कळ लागली, विद्यार्थी फोटो काढत राहिला. "एक मागचा घे," मी म्हटलं, "तो खांब येऊ दे." लीजच्या हद्दीचा तीन नंबरचा खांब मागे साठ पावलांवर होता. आम्ही आतल्या बाजूला होतो.

तात्यांना मी सांगितलं की हिला असा सुटा दगडच लागतो, दुसरं काही चालत नाही. ते जरा गप्प झाले. "मग आम्हीच तर नेतो ते दगड, गडग्याला." हेही खरंच, गडगा म्हणजे दगडांची कुंपणभिंत, ती याच दगडांची रचतात. खाण नसती तरी सडा सुरक्षित होता असं नाही. शेजारच्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडलेत, बाहेरून माती आणून हापूस लावलाय. पण गडग्याला गेलेला दगड गडग्यात तरी असतो. खाण आधी वरचं सगळं खरवडून काढते, मग कातळ फोडते. सड्याने धरून ठेवलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं, त्याचा हिशेब वेगळाच.

संध्याकाळपर्यंत एकशे दहा दगड झाले. पाली चार, चारही कोअर झोनमध्ये.

ऑफिसात पहिला प्रश्न आला, "रजेवर असताना केलेलं काम अहवालात कसं घ्यायचं?" दुसरा, "एका पालीसाठी?" मी म्हटलं, चार. कुणी हसलं नाही. वाद दोन आठवडे चालला. मग मसुदा आला आणि त्यात पाल होती, दीपकाडीही होती, दोघीही बफर झोनच्या तक्त्यात. सोबत फोटो होता, तोच, एकेचाळिसाव्या दगडाचा. मागचा खांब कापून टाकलेला.

मी सही केली नाही. मूळ फोटो, अक्षांश-रेखांश आणि वहीच्या पानांच्या प्रती जोडून लेखी कळवलं की हे प्रकरण माझ्या नावाने जाणार नाही. या कामात तज्ज्ञाचं नाव आणि सही लागते, तेवढीच काय ती ताकद. तीन आठवडे कुणी माझ्याशी धड बोललं नाही, चहालासुद्धा हाक नाही.

मग सुधारित मसुदा आला. पाल आणि दीपकाडी कोअर झोनमध्ये परत आलेल्या, फोटोत खांब उभा, आणि पावसाळ्यात पुन्हा पाहणी व्हावी ही माझी शिफारसही तशीच. मी सही केली. पानं चाळताना जमीनवापराचा तक्ता लागला, तो माझ्याकडे नसतो. त्यात त्या गटनंबरापुढे लिहिलं होतं, 'पोटखराब, जैविक मूल्य नगण्य'.

मी पेन परत उघडलं.