टॅग पुश केला की व्हील तयार

आमची लायब्ररी पायथनची, पण आकडेमोडीचा गाभा सी भाषेत. त्यामुळे लिनक्स, विंडोज, मॅक अशा प्रत्येकासाठी वेगळं व्हील, म्हणजे थेट इन्स्टॉल करता येणारी तयार पॅकेज फाइल, बांधावं लागतं. हे काम ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर चालायचं. मॅकवाला सुट्टीवर गेला की रिलीज अडलंच! शेवटी सगळं गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या सेवेवर, न्यायचं ठरवलं.

टेस्टचं पटकन जमलं. टेस्ट चालवणारं पायटेस्ट आधीपासून होतंच. ॲक्शन्सच्या यॅमल सेटिंग फाइलमध्ये पायथनच्या आवृत्त्या लिहिताना ३.१० तेवढं अवतरणचिन्हांत ठेवायचं, नाहीतर ती दशांश संख्या धरली जाते, शेवटचं शून्य गळतं आणि ३.१ शोधलं जातं.

खरा कस लागला तो पॅकेजिंगमध्ये. नव्या लिनक्सवर बांधलेली बायनरी नवी जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मागते, मग जुन्या सर्व्हरवर चालत नाही. म्हणून सीआयबिल्डव्हील हे व्हील बांधणारं साधन घेतलं. ते मेनीलिनक्सच्या (जुन्या-नव्या बहुतेक लिनक्सवर चालणाऱ्या व्हीलचं मानक) कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त तयार वातावरणात, बिल्ड करतं; आम्ही निवडलेला २०१४ चा साचा सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर बेतलेला आहे. बाहेरच्या लायब्ररी व्हीलमध्ये भरायचं काम ऑडिटव्हील हे साधन करतं.

पण मला सर्वांत आवडली ती त्यातली टेस्टची सोय. तयार व्हील कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करून मगच टेस्ट चालतात. इथे बिल्ड लाल झालं, म्हणजे फसलं: एक डेटा फाइल सापडेना. ती रिपॉझिटरीत होती, व्हीलमध्ये गेलीच नव्हती. आधीच्या टेस्ट रिपॉझिटरीच्या फोल्डरमधूनच पॅकेज इम्पोर्ट करत होत्या, त्यामुळे त्या हिरव्याच राहिल्या. लगेच कोड एसआरसी (src) फोल्डरमध्ये हलवला, म्हणजे टेस्टना इन्स्टॉल केलेलंच पॅकेज घ्यावं लागतं. माझ्या मते व्हील बांधायचं असो वा नसो, हे पहिल्याच दिवशी करावं.

आवृत्तीचा क्रमांक आम्ही गिटच्या टॅगवरून (कमिटला दिलेल्या नावावरून) काढतो. ॲक्शन्समधली कोड आणणारी चेकआउट ही पायरी मात्र मुळात शेवटची एकच कमिट आणतं, टॅग येत नाहीत आणि क्रमांक भलताच पडतो. तिचं फेच-डेप्थ हे सेटिंग शून्य केल्यावर पूर्ण इतिहास येतो.

पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात, चढवायला २०२३ मध्ये आलेलं ट्रस्टेड पब्लिशिंग वापरलं. टोकन (गुप्त किल्ली) जपून ठेवायची भानगड नाही. त्या-त्या वेळी अल्पायुषी टोकन मिळतं. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचं नाव, ती डिलीट केली तरी, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून रंगीत तालीम टेस्टपायपीआय या सरावाच्या वेगळ्या भांडारावर.

३२-बिट व्हील बंद केली आहेत. कुणी मागितली तर बघू.